भाभा विवर आणि त्याच्या मधला डोंगर

गेल्या अंकात चंद्राच्या नकाशावरच्या भारतीय नावांविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यातल्या 'भाभा' विवराबद्दल इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं पान त्यालाच द्यायचं ठरवलं. मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवत आले. खडक आधी हातात घ्यायचा, फोडायचा, भिंगाखाली बघायचा आणि मग त्याच्याबद्दल बोलायचं, ही आमची रीत. चंद्राच्या पलीकडच्या बाजूचा खडक असा सहज हातात येत नाही. तरीही उत्तरं मी खडकाच्या अंगानेच दिली आहेत, कारण या विवराचं मोल माझ्या मते त्याच्या नावापेक्षा त्याच्या पोटातून वर आलेल्या दगडात जास्त आहे.

प्रश्न : होमी भाभांच्या नावाचं विवर चंद्रावर नेमकं कुठे आहे? माझ्याकडे चार इंची दुर्बीण आहे. गच्चीवरून ते दिसेल का? (निवृत्त बँक कर्मचारी, सांगली)

नाही दिसणार. चार इंचीच काय, पृथ्वीवरच्या सगळ्यात मोठ्या दुर्बिणीतूनही दिसणार नाही. चंद्राला स्वतःभोवती फिरायला आणि पृथ्वीभोवती फिरायला सारखाच वेळ लागतो, २७.३ दिवस. त्यामुळे त्याची एकच बाजू कायम आपल्याकडे असते. तो थोडा डुलतो, म्हणून नेमाने पाहणाऱ्याला कडेकडेचा भाग धरून एकूण ५९ टक्के पृष्ठभाग बघता येतो. पण भाभा विवर कडेलाही नाही. आपल्याकडच्या बाजूचा मध्य शून्य रेखांशावर धरला, तर कडा येते ९० अंशांवर. भाभा आहे १६४.५ अंश पश्चिम रेखांशावर आणि ५५ अंश दक्षिण अक्षांशावर. म्हणजे चंद्राच्या पाठीवर, बरंच मध्याकडे आणि खाली दक्षिणेला.

त्याची रुंदी सुमारे ६५ किलोमीटर आहे. पुण्याहून लोणावळ्याला लोकलने जाताना जेवढं अंतर कापतो, साधारण तेवढी. पश्चिमेला शेजारी जगदीशचंद्र बोसांच्या नावाचं विवर आहे, ते याहून मोठं. पूर्वेला स्टोनी, हे लहान. जॉर्ज जॉन्स्टन स्टोनी हे आयरिश शास्त्रज्ञ. 'इलेक्ट्रॉन' हे नाव त्यांनी दिलं. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन एकमेकांना भेटल्यावर कसे विखुरतात, याचं गणित भाभांनी तरुणपणी केंब्रिजमध्ये असताना मांडलं आणि ते आजही 'भाभा विकिरण' म्हणूनच शिकवलं जातं. नकाशावर या दोघांची गाठ अशी पडलेली पाहिली की मला फार बरं वाटतं.

ही बाजू माणसाने पहिल्यांदा पाहिली ती छायाचित्रात. ७ ऑक्टोबर १९५९ रोजी सोव्हिएत संघाच्या 'लूना ३' यानाने चंद्राच्या मागे जाऊन फोटो काढले, फिल्म यानातच धुतली आणि चित्रं रेडिओने पाठवली. ती धूसर होती. पलीकडच्या बाजूचे नीट नकाशे तयार झाले ते १९६६-६७ मधल्या अमेरिकेच्या 'लूनर ऑर्बिटर' यानांनंतर. एकदम शेकडो विवरं समोर आली, त्यांना नावं हवी होती. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने १९७० मध्ये नावांची मोठी यादी मंजूर केली. भाभा, बोस आणि रेडिओ-भौतिकशास्त्रज्ञ शिशिरकुमार मित्रा ही तिन्ही नावं त्याच यादीतली. भाभांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर एअर इंडियाचं 'कांचनजंगा' विमान कोसळलं, त्यात ते गेले.

प्रश्न : तिथे कायम काळोख असतो का? (गृहिणी, नाशिक)

अजिबात नाही. आपल्या बाजूला जेवढं ऊन पडतं तेवढंच तिकडेही पडतं. सुमारे चौदा दिवस सलग दिवस, मग तेवढीच रात्र. आपल्याकडे अमावास्या असते तेव्हा तर पलीकडची सगळी बाजू उन्हात न्हालेली असते. पुढच्या अमावास्येला हे आठवून बघा.

प्रश्न : मी नववीत आहे. आमचं गाव लोणारपासून जवळ आहे. भाभा विवराच्या मध्ये डोंगर आहे असं तुम्ही लिहिलं होतं. मग लोणारच्या मध्ये डोंगर का नाही? तळंच का आहे? (विद्यार्थिनी, मेहकर)

तुझा प्रश्न वाचून मला किती आनंद झाला हे कसं सांगू! लोणारच्या इतक्या जवळ राहून असा प्रश्न पडतो म्हणजे तू ते विवर नीट पाहिलं आहेस.

आधी एक गोष्ट लक्षात घे. अवकाशातून येणारा दगड जमिनीत रुततो आणि त्याच्या आकाराचा खड्डा पडतो, असं होत नाही. तो सेकंदाला दहा-वीस किलोमीटर अशा वेगाने येतो. टेकल्या क्षणी त्याची सगळी ऊर्जा धक्क्याच्या लाटेतून खडकात शिरते. जवळचा खडक वितळतो, काहीची वाफ होते, त्याच्या पलीकडचा चुरा होऊन बाहेर उडतो. म्हणून दगड कुठल्याही कोनातून आला, अगदी तिरपा सोडला तर, विवर गोलच पडतं. आणि येणाऱ्या दगडापेक्षा ते कितीतरी पट मोठं असतं.

आता पुढचं. विवर लहान असेल तर खालचा खडक तो आकार पेलू शकतो. वाटीसारखा खड्डा तसाच राहतो. लोणार तसं आहे : रुंदी सुमारे १.८ किलोमीटर, कडेपासून तळापर्यंत दीडशे मीटरच्या आतबाहेर खोली. पण विवर फार मोठं असेल तर खड्डा पडल्यावर खालचा खडक दबलेला राहत नाही. तो उलट वर उसळतो. त्याच वेळी भोवतालच्या भिंती आत खचतात आणि त्यांच्या पायऱ्या पडतात. हे सगळं काही मिनिटांत घडतं. एवढा प्रचंड खडक काही मिनिटांपुरता जणू वाहतो आणि मग जागच्या जागी थिजतो. मधोमध उसळून थिजलेला भाग म्हणजे मधला डोंगर.

ही 'लहान' आणि 'मोठं' यांच्यातली सीमा गुरुत्वाकर्षणावर ठरते. पृथ्वीवर ती दोन ते चार किलोमीटरच्या दरम्यान आहे. लोणार तिच्या अलीकडे थांबलं. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात ढाला नावाचं फार जुनं विवर आहे. ते मोठं असल्यामुळे त्याच्या मध्यभागी उंचवटा आहे. चंद्राचं गुरुत्वाकर्षण आपल्या एक षष्ठांश, त्यामुळे तिथे ही सीमा पंधरा-वीस किलोमीटरवर जाते. भाभा तिच्या कितीतरी पुढे आहे. तिथे मधला डोंगर असणारच.

पुढच्या वेळी लोणारला गेलीस की तळ्याकडेच बघत उतरू नकोस. कडेवर थांब आणि खडकाचे थर बघ. आपल्या दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, एरवी पाटासारखा आडवा पसरलेला असतो, घाटात बघतेसच तू. लोणारच्या कडेला तेच थर वर उचललेले आणि बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. माझ्या विद्यार्थ्यांना मी त्या कडेवर वही काढून थरांचा कल मोजायला लावत असे. वेडी बाभूळ अंगाला लागायची, खालून तळ्याचा खारट-उग्र वास यायचा, पण कल मोजून झाल्याशिवाय कुणी खाली जायचं नाही. स्फोटाने जमीन कशी उलटते हे तिथे बोटाने दाखवता येतं. १९७३ मध्ये लोणारच्या तळाशी छिद्रं घेऊन काढलेल्या खडकात धक्क्याने काच झालेलं फेल्डस्पार हे खनिज सापडलं आणि हे ज्वालामुखीचं मुख नव्हे, आघाताचं विवर आहे हे पक्कं झालं. बेसॉल्टमध्ये पडलेलं आणि इतकं नीट टिकलेलं विवर पृथ्वीवर दुर्मीळ आहे. चंद्राच्या काळ्या सपाट प्रदेशांतला खडकही बेसॉल्टच. म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे जगभरचे लोक तुझ्या गावाजवळ येतात.

प्रश्न : तुम्ही 'जुनं विवर' म्हणता. तिथला दगड कुणाच्या हातात नसताना वय कसं सांगता येतं? (अभियंता, पुणे)

वय सांगण्याआधी आम्ही क्रम सांगतो. कोण आधी, कोण नंतर. जे विवर दुसऱ्याच्या अंगावर चढलेलं दिसतं ते नंतरचं. एवढं एक सूत्र धरून चंद्राचा निम्मा इतिहास लावता येतो.

भाभाच्या बाबतीत हा क्रम फार सुंदर आहे. हे विवर एका अवाढव्य खोऱ्याच्या तळात पडलेलं आहे. चंद्राच्या दक्षिण ध्रुवापासून एटकेन नावाच्या विवरापर्यंत पसरलेलं, म्हणून त्याला दक्षिण ध्रुव-एटकेन खोरं म्हणतात. रुंदी सुमारे २,५०० किलोमीटर. काश्मीर ते कन्याकुमारी हे अंतर त्याहून थोडंच जास्त आहे. चंद्रावरची सर्वांत खोल जागा याच खोऱ्यात, अँटोनियाडी विवरात आहे. आपल्याला माहीत असलेल्या चंद्रावरच्या आघात-खोऱ्यांत हे सर्वांत मोठं आणि सर्वांत जुनं. एका धडकेने चंद्राच्या कवचाचा एवढा भाग उडवून दिला. ते घडून, वितळलेला खडक निवून, तळ तयार झाल्यावर मग कधीतरी दुसरा, लहान लघुग्रह येऊन त्या तळावर आदळला आणि भाभा तयार झालं. म्हणजे भाभा खोऱ्याहून नवं, हे निर्विवाद.

त्यानंतर येते मोजणी. जमीन जितका काळ उघडी राहते तितकी तिच्यावर लहान विवरं साचत जातात. तेव्हा ती मोजायची. कडा किती झिजल्या आहेत, पायऱ्या किती बुजल्या आहेत, हेही बघायचं. पण मोजणीचे आकडे वर्षांत बदलायचे तर कुठेतरी खरा दगड लागतोच. अपोलोचे अंतराळवीर आणि सोव्हिएत लूना यानं दगड घेऊन आली ती सगळी आपल्या बाजूची. पन्नासहून अधिक वर्षं पलीकडच्या बाजूची वयं आम्ही अलीकडच्या बाजूच्या दगडांवरून काढत होतो.

हे बदललं २०२४ मध्ये. चीनचं 'चांग-अ ६' यान जूनच्या सुरुवातीला याच खोऱ्यात, 'अपोलो' नावाच्या मोठ्या विवरात उतरलं आणि २५ जूनला १,९३५.३ ग्रॅम माती-दगड घेऊन पृथ्वीवर परतलं. पलीकडच्या बाजूचे हे पहिले नमुने. त्यांतला बेसॉल्ट सुमारे २.८ अब्ज वर्षांपूर्वीचा निघाला. म्हणजे चंद्राच्या त्या बाजूला तेव्हाही लाव्हा वाहत होता. २०२५ मध्ये त्या मातीतल्या नोराइट नावाच्या खडकाच्या कणांवरून खोऱ्याचंच वय सांगितलं गेलं, ४.२५ अब्ज वर्षं. ती बातमी आली त्या दिवशी मी जुन्या वहीतला तक्ता काढला. खोऱ्याच्या नावापुढे वयाचा रकाना मी कायम रिकामा ठेवायला सांगत असे. तो पेन्सिलीने भरला.

उतरण्याची ती जागा भाभा विवरापासून सुमारे साडेचारशे किलोमीटरवर आहे. भाभाचा स्वतःचा दगड अजून कुणी आणलेला नाही. म्हणून मी एवढंच म्हणते : ४.२५ अब्ज वर्षांच्या अलीकडचं. एखाद्या लेखात त्याचं वय याहून नेमकं दिलेलं दिसलं, तर ते मोजणीवरून काढलेलं आहे हे ध्यानात ठेवून वाचा.

प्रश्न : चंद्रावर भाभांचं नाव आहे याचा अभिमान वाटतो. पण नावापलीकडे आपल्या देशाचा या विवराशी काही संबंध आहे का? (प्राध्यापक, नागपूर)

आहे, आणि तो मला नावापेक्षा फार मोठा वाटतो. या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देते.

मधला डोंगर खालून उसळून येतो हे वर सांगितलं. किती खालून? ढोबळ हिशेब असा की विवराच्या रुंदीच्या सुमारे एक दशांश. भाभासाठी हा आकडा सहा-सात किलोमीटर येतो. आणि हे विवर आधीच चंद्राच्या सर्वांत खोल खोऱ्यात आहे, जिथलं वरचं कवच त्या जुन्या धडकेने उडून गेलेलं आहे. म्हणजे आधी खणलेल्या जागी पुन्हा खणलं आणि त्याच्याही खालचं वर काढून ठेवलं. चंद्रावर ड्रिल घेऊन कुणी गेलं तरी इतकं खोल जाणार नाही. तो डोंगर म्हणजे चंद्राच्या खोल भागातला खडक, उघड्यावर, उन्हात.

पण तो कोणता खडक, हे ओळखायचं कसं? त्यावरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशावरून. प्रत्येक खनिज ठरावीक रंगांचा प्रकाश गिळतं. आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात पायरॉक्सिन या खनिजाची दोन ठळक शोषणं असतात, एक एक मायक्रोमीटरच्या आसपास आणि दुसरं दोनच्या आसपास. पायरॉक्सिनमध्ये कॅल्शियम आणि लोह जास्त असेल तर ही शोषणं लांब तरंगलांबीकडे सरकतात, मॅग्नेशियम जास्त असेल तर आखूडकडे. सरकणं अगदी थोडं असतं. ते मोजायला बारीक नजरेचं यंत्र लागतं आणि ते यंत्र चंद्राच्या जवळ न्यावं लागतं.

ते यंत्र नेलं आपल्या चांद्रयान-१ ने. २२ ऑक्टोबर २००८ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने ते निघालं. यानावर अकरा उपकरणं होती, त्यांतली पाच भारतीय, बाकी परदेशी. त्यांतलं एक नासाचं 'मून मिनरॉलॉजी मॅपर', म्हणजे चंद्राच्या खनिजांचा नकाशा काढणारं उपकरण. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या कार्ले पीटर्स या विदुषी त्याच्या प्रमुख. चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या खुणा आहेत हे २००९ मध्ये याच उपकरणाने दाखवलं, ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच उपकरणाच्या नोंदींवरून पुढे या खोऱ्यातल्या भाभा, फिन्सेन, लायमन यांसारख्या विवरांच्या मधल्या डोंगरांचा अभ्यास झाला. डोंगरात सापडलं ते मॅग्नेशियम भरपूर आणि कॅल्शियम कमी असलेलं पायरॉक्सिन. आणि एकमेकांपासून शेकडो किलोमीटरवरच्या डोंगरांत जवळपास सारखंच.

याचं महत्त्व मला लोणारच्याच दगडाने सांगता येईल. आमच्या प्रयोगशाळेत लोणारच्या बेसॉल्टच्या पातळ चकत्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत पायरॉक्सिन दिसतं ते बहुतांश ऑजाइट, कॅल्शियमवालं. लाव्हा वर येऊन थिजला की हे असं पायरॉक्सिन मिळतं. चंद्रावरच्या बेसॉल्टच्या मैदानांतही कॅल्शियमवालंच जास्त. भाभाच्या डोंगरात मात्र दुसरंच. म्हणजे तो डोंगर वरच्या लाव्हाचा नाही. तो खालून आलेला आहे.

खालून म्हणजे नक्की कुठून, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे आणि तो चांगला वाद आहे. काहींच्या मते खोरं तयार करणारी धडक कवच फोडून थेट प्रावरणापर्यंत, म्हणजे कवचाखालच्या जाड थरापर्यंत, पोहोचली आणि तिथलं द्रव्य या डोंगरांत आहे. काहींच्या मते धडकेनंतर खोऱ्यात वितळलेल्या खडकाचा प्रचंड साठा झाला, तो सावकाश निवताना त्याचे थर लागले आणि डोंगरात त्यातला एक थर वर आला. प्रावरणात ऑलिव्हिन हे खनिज मुबलक असावं असा आमचा जुना समज; या खोऱ्यात ते फार थोडं दिसतं. ही गोष्ट मला स्वतःला सगळ्यात जास्त विचारात पाडते. ज्याची वाट बघत होतो ते ऑलिव्हिन तिथे नाही, आणि त्या जागी पायरॉक्सिन आहे.

आता भाभांकडे येते. त्यांचा स्वतःचा विषय होता विश्वकिरण. अवकाशातून आलेला एक कण वातावरणात शिरला की त्यापासून कणांचा वर्षाव कसा होतो, हा सिद्धांत त्यांनी वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर १९३७ मध्ये मांडला. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. तिथे विश्वकिरणांवर काम करणारी एक पिढी तयार झाली आणि त्यात देवेंद्र लाल होते. चंद्राला वातावरण नाही, त्यामुळे विश्वकिरण थेट दगडावर आदळतात आणि स्फटिकांत सूक्ष्म खुणा सोडतात. तो दगड पृष्ठभागावर किती काळ उघडा होता हे त्या खुणांवरून कळतं. अपोलोने आणलेल्या दगडांतल्या अशा खुणांवर लाल यांच्या गटाने मुंबईत काम केलं. लाल पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले जितेंद्रनाथ गोस्वामी हे चांद्रयान-१ चे प्रमुख वैज्ञानिक.

भाभांनी काढलेली संस्था, तिथे चंद्राचे दगड वाचायला शिकलेली माणसं, त्या माणसांच्या पुढच्या पिढीने आखलेली मोहीम, आणि त्या मोहिमेच्या यानावरच्या उपकरणाने भाभा विवरातला डोंगर वाचणं. प्राध्यापक महाशय, नाव समितीत बसून देता येतं. हे असं साठ-सत्तर वर्षं माणसं घडवत जावं लागतं. अभिमान वाटायचाच असेल तर मला याचा वाटतो.

प्रश्न : चीनची यानं पलीकडे उतरली. आपली का नाही? (वाचक, मस्कत)

तिकडे उतरलेल्या यानाचा पृथ्वीशी थेट रेडिओ संपर्क होत नाही, मध्ये अख्खा चंद्र येतो. म्हणून आधी संदेश पोहोचवणारा उपग्रह चंद्राच्या पलीकडे नेऊन ठेवावा लागतो. चीनने २०१८ मध्ये 'च्वेछ्याओ' हा तसा उपग्रह पाठवला, मग ३ जानेवारी २०१९ रोजी 'चांग-अ ४' याच खोऱ्यातल्या फॉन कारमान विवरात उतरलं.

पण आपल्या हाती काहीच लागलं नाही असं समजू नका. चांद्रयान-३ २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपल्याकडच्या बाजूला, ६९ अंश दक्षिणेला उतरलं. ती जागा या खोऱ्याच्या कडेपासून साधारण ३५० किलोमीटरवर. खोरं तयार करणाऱ्या धडकेने उडालेला मलबा तिथे जाड थराने पसरलेला असणार, आणि प्रज्ञान रोव्हरने मातीची जी रासायनिक तपासणी केली तीत मॅग्नेशियमवाल्या खनिजांचा अंश दिसला आहे. खोऱ्यात न उतरता खोऱ्यातली थोडी माती आपण तपासली, असं मी म्हणेन.

प्रश्न : चंद्राची पलीकडची बाजू रेडिओ दुर्बिणीसाठी चांगली, असं ऐकलं. खरं का? (शेतकरी, नारायणगाव)

खरं आहे. तुमच्या शेजारी खोडदला आणि आसपास रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत, आणि मोबाइल, टीव्हीच्या लहरींपासून त्यांना जपावं लागतं हे तुम्हाला माहीत असेल. पलीकडच्या बाजूला पृथ्वीच्या या सगळ्या लहरी अडतात. ती दुर्बीणही टाटा संस्थेचीच, आणि ती उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांना परदेशातून बोलावून घेतलं ते भाभांनीच.

प्रश्न : भाभा दिसत नाही, मग दुर्बिणीतून काय बघू? (सांगलीच्या वाचकांसारखीच आणखी बरीच पत्रं)

थिओफिलस बघा. शुक्ल पंचमी ते सप्तमी या दिवसांत संध्याकाळी उजेड आणि अंधार यांच्या सीमेजवळ, चंद्राच्या मध्याच्या थोडं खाली, तीन मोठी विवरं एका वळणावर दिसतात : थिओफिलस, सिरिलस, कॅथरिना. उलटं चित्र दाखवणाऱ्या दुर्बिणीत ती वर दिसतील. थिओफिलस सुमारे १०० किलोमीटरचं आहे, म्हणजे भाभापेक्षा मोठं. त्याचा मधला डोंगर चार इंचीतून अगदी स्वच्छ दिसतो. सूर्य तिथे नुकताच उगवत असेल तर विवराचा तळ अजून सावलीत आणि डोंगराचे माथे तेवढे उजळलेले असतात.

मग थिओफिलस आणि सिरिलस जिथे एकमेकांना भिडतात तिथे बारकाईने बघा. कुणाची कडा अखंड आहे आणि कुणाची तुटली आहे? कोण आधीचं? कॅथरिनाची कडा या दोघांच्या तुलनेत कशी आहे? तिघांचा क्रम लावा, वहीत चित्र काढा, तारीख आणि वेळ घाला आणि मला पाठवा. मेहकरच्या विद्यार्थिनीने तर नक्की पाठवावं. दुर्बीण नसेल तर शाळेत विचार, आणि शाळेतही नसली तर मला पत्र टाक, पुढच्या शुक्ल पक्षात काहीतरी सोय करू.